पूजेतला बोल्ट

दसऱ्याच्या सकाळी साडेदहा वाजता, झेंडूचा हार घातलेल्या आणि चाकाखाली लिंबू ठेवलेल्या नामाच्या जीपनं 'टक्' असा एकच आवाज काढला आणि ती गप्प झाली. चांगोनं चावी पुन्हा फिरवली. पुन्हा 'टक्'. भिसेगावातल्या ज्या दुकानाच्या पाटीवर 'सर्व गाड्यांचे वायरिंग काम खात्रीशीर' असं तीस वर्षं लिहिलेलं होतं, त्याच दुकानाच्या दारात घरची गाडी चालू होईना. समोरच्या पंक्चरवाल्यानं स्टूल उचलून पुढं आणलं आणि त्यावर आरामात बसला. फुकटचा खेळ कोण सोडतो?

चांगोचा बाप नामा गेल्यानंतर घरात साजरा होणारा हा पहिला दसरा. गेल्या साली वर्षाच्या आतलं म्हणून सण केला नव्हता. म्हाताऱ्याच्या हयातीत रिवाज असा, की दुकानात पूजा झाली की सगळं घर जीपमध्ये कोंबायचं, उल्हास नदीच्या पुलापलीकडं जाऊन सोनं वाटायचं आणि घरी येऊन जेवायचं. यंदा त्या फेरीला आणखी एक काम चिकटलं होतं. चांगोचे हात वर्षभरापासून थरथरायला लागले होते, सोल्डरिंगची कांडी त्याच्या हातात ठरत नव्हती. दुकान पुढं कोणाकडं जाणार, ते आज सगळ्यांसमोर सांगतो, असं तो गणपतीपासून म्हणत होता. म्हणून खालापूरहून त्याची बहीण हिरू आली होती, नेरळहून धाकटा भाऊ हरेश आला होता, आणि दोघांनीही येताना तोंडं दुखवट्याला आल्यासारखी करून आणली होती.

गाडी अडली याचं हरेशला मनातून बरंच वाटलं. नेरळला त्याचं गाड्या सजवायचं दुकान होतं. सीट कव्हरं, रंगीत दिवे, आतल्या काचेला लटकवायच्या माळा, मान हलवणारे कुत्रे. गाडीला बाहेरून जे जे चिकटवता येतं त्यात त्याचा हात धरणारा नव्हता. गाडी चालते कशी, या प्रश्नाशी त्याचा फारसा संबंध आला नव्हता. भिसेगावचा गाळा मिळाला तर तिथं काचेचं शोरूम करायचं, हे त्यानं मनात कधीच पक्कं केलं होतं.

"दादा, मी काय म्हणत होतो?" तो पुढं आला. "या धंद्याचे दिवस संपले रं. घरची गाडी चालू होत नाय, गिऱ्हाइकाची काय करणार?"

"होईल," चांगो म्हणाला.

"तसं होत नसतं. आजकाल गाडी सोताच सांगते तिला काय होतंय ते. थांब." हरेशनं आपल्या नव्या गाडीतून चकचकीत स्कॅनर आणला आणि जीपच्या डॅशबोर्डखाली डोकं घातलं. आधी डावीकडं चाचपलं, मग उजवीकडं. मग मोबाईलचा दिवा लावून चाचपलं. नवा झब्बा जुन्या ग्रीसला पुसला गेला.

चांगोची सून विनिता हात बांधून बाजूला उभी होती. तिनं त्याला चांगली दोन मिनिटं शोधू दिलं.

"काका, काय शोधताय?"

"सॉकेट. हे लावायचं."

"ती गाडी एकोणनव्वदची हाय. तवा तुमीच चौथीत होता. तिला सॉकेट कुठनं असंल?"

पंक्चरवाला हसला. हरेश बाहेर आला तो लाल होऊन. त्यानं स्कॅनर झब्ब्याच्या खिशात घातला, तो मावेना, म्हणून हातातच धरला. मग आपली नवी गाडी जीपच्या नाकाला लावली, जाड केबल काढल्या आणि एका बॅटरीवरून दुसरीला करंट दिला. लाल चिमटा लाल टोकाला, काळा चिमटा काळ्या टोकाला, अगदी पुस्तकात असतो तसा. चांगोनं चावी फिरवली. टक्.

"सेल्फ स्टार्टर गेला," हरेशनं जाहीर केलं.

"सेल्फ चैत्रात नवा बांधलाय," चांगो पुटपुटला.

"मग बॅटरी."

"बॅटरी गणपतीतली. आणि आता तर तुझी बी लावलीस."

"मग गाडीच गेली!" हरेश म्हणाला, आणि ते म्हणताना त्याला लपवता येणार नाही इतका आनंद झाला. "दादा, ऐक. हिला रंग मारू, वर दिवे लावू आणि शोरूमच्या दारात उभी करू. लोक फोटो काढतील. बाचं नाव बी राहील."

बाचं नाव असं दिव्याच्या माळेत लटकवायची कल्पना हिरूला पसंत पडली नाही, पण तिला दुकानाची फार काळजी होती असंही नाही. हिरूची काळजी रिवाजाची. पूजेत काय आधी, काय नंतर, कोणी काय करायचं आणि मुख्य म्हणजे कोणी काय करायचं नाही, हे तिला तोंडपाठ होतं. लग्न होऊन खालापूरला जाऊन चाळीस वर्षं झाली तरी माहेरच्या दसऱ्याची वेसण तिनं सोडली नव्हती.

"बोल्टाला हळद कोणी लावली आज?" तिनं विचारलं.

"मीच," चांगो म्हणाला.

"आणि नारळाचं पाणी?"

"घातलं की."

"मनापासनं घातलं नसशील."

हा बोल्ट म्हणजे या घरातलं एक वेगळंच देवस्थान होतं. नामा मुळात भाताच्या खाचरातला माणूस. ऐन तरुणपणी फौजेतून आलेल्या एका ड्रायव्हरनं त्याला गाडीची वीज शिकवली. करंट बॅटरीतून तारेनं जातो आणि गाडीच्या लोखंडातून परत येतो, त्या परतीच्या वाटेला अर्थ म्हणतात, अर्थ म्हणजे जमीन, एवढं ऐकलं आणि नामाचे हात जोडले गेले. बाकी वीज त्याला शिकावी लागली, जमीन त्याला ठाऊक होती. पुढं स्वतःची जीप घेतली, तेव्हा बॅटरीची काळी तार आणि इंजिनची पट्टी जिथं एका बोल्टानं चॅसीला, म्हणजे गाडीच्या सांगाड्याला, आवळलेल्या असतात, तिथं त्यानं दसऱ्याला हळदकुंकू वाहिलं आणि वर पळीभर नारळाचं पाणी घातलं. त्यानंतर दरसाल. तो बोल्ट पुन्हा कोणी उघडला नाही, कारण देवाला पाना लावत नाहीत. गिऱ्हाइकाची गाडी आली की हाच नामा सगळ्यात आधी हीच जागा उघडायचा आणि पॉलिश पेपरनं घासून आरशासारखी करायचा. लोकांच्या गाडीला पॉलिश पेपर आणि घरच्या गाडीला हळद. यात काही विसंगती आहे असं एवढ्या मोठ्या घरात एकाही पुरुषाला वाटलं नव्हतं.

विनिताला वाटलं होतं. ती खालापूर तालुक्यातली, आयटीआयला इलेक्ट्रिशियनचा कोर्स केलेली. चार वर्षांपूर्वी लग्न होऊन आली आणि पहिल्या सहा महिन्यांत दुकानात बसू लागली. आता निम्म्याहून जास्त काम तीच ओढत होती. टेंपोचे इंडिकेटर, जुन्या ट्रॅक्टरचे डायनॅमो, रिक्षांचे हॉर्न. तिला हे दुकान हवं होतं. हे तिनं कोणापासून लपवलं नव्हतं आणि कोणी तिला विचारलंही नव्हतं. आज गाडी चालू झाली नाही तर हरेशकाका दुकान घशात घालणार, हे तिला स्वच्छ दिसत होतं.

"ओमकार, चावीवर बस," ती नवऱ्याला म्हणाली. "मी सांगीन तवा फिरव. दहा सेकंद धरून ठेव."

ओमकार खोपोलीच्या एका कंपनीत हजेरीचं काम बघायचा. सांगितलं तेवढं करण्यात तो तरबेज होता. तो निमूट चावीवर बसला.

"ही काय करणार आता?" हरेशनं हिरूला विचारलं.

"करू दे. हौस हाय," हिरू म्हणाली.

विनितानं मीटरची एक टोचणी इंजिनच्या अंगाला लावली, दुसरी बॅटरीच्या काळ्या टोकावर धरली. "फिरव." टक्. काटा सहा व्होल्टवर गेला, तो शून्याजवळ राहायला हवा होता. मग इंजिन बंद करायची बारीक केबल असते, तिच्यावर तिनं तळवा ठेवला आणि पुन्हा 'फिरव' म्हणाली. तीन सेकंदांत तिनं हात उचलला.

"आबा, इकडं या. या केबलवर हात ठेवा."

चांगो आला. त्यानं हात पुढं केला, केबलच्या वीतभर अलीकडं थांबवला आणि मागं घेतला.

"ऱ्हाऊ दे," तो म्हणाला.

"तापलीय ती. इंजिनचा करंट परत जायला वाट नाय, म्हणून त्या बारक्या केबलीतनं चाललाय. पट्टीनं जायला पायजे, पट्टी लागत नाय. सेल्फ चांगला हाय, बॅटरी चांगली हाय. हे बगा." तिनं हरेशच्या केबलचं एक टोक बॅटरीच्या काळ्या टोकाला लावलं आणि दुसरं थेट इंजिनला. "फिरव."

जीप एका फेऱ्यात चालू झाली. काळा धूर निघाला, हिरूनं पदर नाकाला लावला, पंक्चरवाल्यानं टाळी वाजवली. हरेशनं आपल्या केबलकडं पाहिलं. त्या केबलनंच आपल्याशी बेइमानी केली असं त्याला वाटलं.

"झालं की मग!" तो म्हणाला. "ती वायर तशीच राहू दे, वरनं टेपनं बांधून टाक. चला, उशीर होतोय."

विनितानं इंजिन बंद करायला लावून केबल काढली. "खराब जोडावर दुसरी तार टाकून गाडी सोडायची नाय, असं या दुकानात मला शिकवलंय. बोल्ट उघडते."

"खबरदार!" हिरू ओरडली. "आज दसरा हाय. सकाळी पूजा केलेली जागा हाय ती. बाच्या हातची जागा हाय. चांगो, सांग हिला काहीतरी."

चांगोनं काहीच सांगितलं नाही. गप्प बसायची त्याला जुनी सवय होती आणि घरात त्या सवयीला शहाणपण म्हणत. खरं म्हणजे त्याला आत्ता मेल्याहून मेल्यासारखं झालं होतं. दोष त्या बोल्टातच आहे हे त्याला सहा वर्षांपूर्वी कळलं होतं. त्यानंही अशीच केबल चाचपली होती, चटका बसला होता. पण बाप जिवंत होता, खुर्चीत बसलेला होता, आणि 'बा, तुझ्या पूजेनं तुझी गाडी बंद पडतेय' हे सांगायची त्याची छाती झाली नाही. मग त्यानं सेल्फ बांधला. मग बॅटरी बदलली. मग पुन्हा सेल्फ. गाडी कायम उतारावर उभी करायची, म्हणजे ढकलली की चालू होते, अशी शिस्त घरात लावली. बाप गेला त्या दिवशी तरी पाना उचलायचा, तर तोवर भीती सवयीची झाली होती. यंदा दुकानापुढचा रस्ता सिमेंटचा झाला आणि उतारच गेला.

"दादा, अरं बोल की," हरेश म्हणाला. त्याला पूजेचं काही नव्हतं, पण सुनेला अडवायला आयती हिरू मिळाली होती, ती तो कशाला सोडतो? "अक्का बरोबर बोलतेय. बाच्या श्रद्धेचा प्रश्न हाय."

"काका, तुमी तर जीपला दिव्यांची माळ घालणार होता," विनिता म्हणाली आणि पाना लावला.

बोल्ट पहिल्या झटक्याला हलला नाही. दुसऱ्या झटक्याला कुरकुरला. तिसऱ्याला सुटला. पट्टीच्या थिंबलखालून, म्हणजे टोकाच्या कडीखालून, पिवळ्या-लाल चिखलाची घट्ट वडी निघाली, वर हळद, मध्ये गंज, खाली तांब्याचा हिरवा मळ. बोटाच्या पेराएवढी जाड. तीस-पस्तीस दसरे एकावर एक बसले होते. हिरूनं ती वडी आपट्याच्या पानांत गोळा केली आणि रडायला लागली. विनितानं जागा घासली, थिंबल घासलं, बोल्ट नवा घातला, वर ग्रीस लावलं. सात-आठ मिनिटांचं काम. सहा वर्षं आणि तीन बॅटऱ्या या आठ मिनिटांसाठी गेल्या होत्या.

"फिरव."

जीप अशी चालू झाली, जणू तिची कधी तक्रारच नव्हती. हिरूसुद्धा रडायची थांबली. लगेच डोळे पुसून तिनं सांगून टाकलं, "बाच पावला."

कोणीही तिला अडवलं नाही. ओमकार चावीवरून उतरला आणि मागं गेला. विनिता हात पुसून चालकाच्या जागेवर बसली, कारण गाडी तापेपर्यंत तिथं कोणीतरी बसायला हवं होतं. बाकी मंडळी चढायला लागली. तेव्हा चांगो जीपच्या पुढ्यात उभा राहिला. घाम पुसला, घसा खाकरला.

"निघायच्या आदी सांगून टाकतो," तो म्हणाला. "दुकान घरातच ऱ्हाणार. दुकान ओमकारच्या नावावर."

हिरूनं सुटकेचा श्वास टाकला. "ब्येस झालं. बापाकडनं पोराकडं. रीतीला धरून हाय."

हरेशनं अर्धा क्षण विचार केला आणि त्याचा चेहरा उजळला. विनिताकडून गाळा कधी मिळाला नसता. ओमकारकडून दोन महिन्यांत मिळेल. "दादा, तुझा निर्णय म्हंजे निर्णय," तो म्हणाला. "ओमकार, काय लागलं तर काका हाय हां पाठीशी."

विनितानं इंजिन बंद केलं. एवढ्या आवाजानंतर एकदम शांत झालं.

"आबा, ओमकारला विचारा, आत्ता गाडीला काय झालं होतं?"

"त्यो काय प्रश्न झाला?" चांगो म्हणाला. "काम तू करायचंच हायस. नाव त्याचं, एवढंच. वायरिंगच्या दुकानावर बाईचं नाव लावलं तर लोक हसतील."

"लोकांचं हसून झालंय. तो पंक्चरवाला सकाळपासनं हसतोय, तो काय मला हसतोय?"

पंक्चरवाल्यानं मान दुसरीकडं वळवली.

"मला नको," ओमकार मागून म्हणाला. सगळ्यांनी वळून पाहिलं, कारण तो न विचारता बोलला होता. त्याचा आवाज थोडा चिरका लागला. "आबा, मला दुकान नको. मला त्यातलं काय कळत नाय, आणि नाव माझं नि राबणूक हिची, हे मला बरं दिसत नाय. कागदावर सही करणार नाय मी."

"बायकोचं ऐकून बोलतोस!" हरेश म्हणाला.

"हो," ओमकार म्हणाला. "दुसऱ्या कोणाला इथं काय कळत होतं सकाळपासनं?"

"तुझ्या बापाला कळतं!" हिरू कडाडली. "चाळीस वर्सं त्यानं या गाड्यांत घातली."

"कळतं," विनिता म्हणाली. ती खाली उतरली आणि चांगोसमोर उभी राहिली. आता तिच्या बोलण्यात राग नव्हता, त्याहून वाईट काहीतरी होतं. "आबांना चांगलं कळतं. मी केबलवर हात ठेवा म्हटलं, तवा तुमी हात मागं घेतला. ज्याला ठाव नसतं तो हात ठेवून बगतो, आबा. चटका बसणार हे ठाव असलेलाच मागं घेतो. तुमाला म्हाईत होतं. आणि आत्या मला खबरदार म्हणत होत्या, तवा तुमी गप ऱ्हायलात."

चांगोनं दोन्ही हात पाठीमागं लपवले.

"दादा?" हरेश म्हणाला. "काय म्हणतेय ही?"

"सहा वर्सं," चांगो म्हणाला.

"काय सहा वर्सं?" हिरूनं विचारलं.

"सहा वर्सं ठाव हाय मला." तो जमिनीकडं बघत होता. "बाला सांगायला भ्यालो. बा गेल्यावर तुला सांगायला भ्यालो, अक्का. दोन वेळा सेल्फ बांधला, तीन बॅटऱ्या आणल्या, गाडी उतारावर लावली. गिऱ्हाइकानं असं केलं असतं तर मी त्याला दुकानातनं हाकलला असता. बोल्टाला घाबरणारा मिस्त्री मी. लाज वाटते मला."

हिरूचं तोंड उघडं राहिलं. हातातली आपट्याची पानं कुठं ठेवावीत ते तिला कळेना. हरेशनं एकदा तिच्याकडं, एकदा ओमकारकडं पाहिलं. आता कोणाच्या बाजूला जाऊन उभं राहावं याचा त्याला अंदाज येईना, म्हणून तो स्कॅनरची वायर गुंडाळायला लागला.

"मग ऐका सगळ्यांनी," चांगो म्हणाला. या वेळी त्यानं घसा खाकरला नाही. "दुकान विनिताच्या नावावर. पाटीवर बी तिचंच नाव. हरेश, तुला काय बोलायचं असंल तर बोल्ट काढून देतो, आदी गाडी चालू करून दाखव, मग बोल."

हरेशनं स्कॅनर नेऊन आपल्या गाडीत ठेवला.

"आणि तू काय करणार चांगो, घरी बसून?" हिरूनं रडवेल्या आवाजात विचारलं.

"बसतोय कशाला? हिच्या हाताखाली जाईन. पाना देत जाईन."

आता सून वाकून नमस्कार करणार, डोळ्यांना पदर लावणार आणि सगळं गोड होणार, अशी हिरूची खात्री होती. विनितानं हातातलं फडकं झटकलं आणि सासऱ्याकडं नीट बघितलं.

"या," ती म्हणाली. "पण दुकान नऊला उघडतं आबा, साडेनऊला नाय. आणि कोणी 'शेठ कुठं हायत' म्हणून विचारलं, तर माझ्याकडं बोट करायचं."

चांगोनं मान डोलावली आणि मागच्या सीटवर, हिरूच्या शेजारी जाऊन बसला.